निजोबाची उशी

साळूबाई: साडेतीन मीटर म्हंजे किती गं? असं हातानं दाखव.

मोहिनी: या शेडचा पत्रा आहे ना मावशी, साधारण तेवढं.

साळूबाई: अगंबाई! आणि एवढ्याशासाठी तू आल्यापास्नं तोंड पाडून बसलीस? पत्र्याएवढ्या उंचीनं डोंगर लहानमोठा होतो व्हय?

मोहिनी: डोंगर होत नाही. यादी होते.

मंगळू: मी व्हतो ना संगती. मॅडमनी तीनदा मोजलं. दोनदा यंत्र बदललं.

मोहिनी: पहिल्यांदा वाटलं, यंत्र बिघडलंय. कॉलेजातलं दुसरं नेलं. मग वाटलं, माझेच डोळे बिघडलेत. तिसऱ्या खेपेला तर वाटेतच देवाला म्हटलं, बाबा रे, एवढा एक आकडा चुकव. वीस वर्षं पोरांना मोजणी शिकवते मी, आणि आकडा चुकावा म्हणून नवस बोलत होते.

साळूबाई: आणि त्यानं ऐकलं नाय.

मंगळू: निजलाय तो. कसा ऐकंल?

साळूबाई: मंगळू, तू आता मला हसवू नको. तो क्रेट इकडं सरकव. मोहिनी, तूही हात मोकळे ठेवून बसू नको, ही शेवंती निवड. उद्या मार्गशीर्षातला गुरुवार, डागाचं एक फूल कोणी हातात धरणार नाय. हां. आता सांग नीट. येत्या रविवारी माझा सत्कार हाये. फेटा ठरला, मंडप ठरला, सायखेड्याची माझी नणंद मुक्कामाला येणार हाये. शंभर डोंगर चढलेली पहिली बाई म्हणून बॅनरवर फोटो टाकलाय पोरानं. आणि तू म्हणतीस, माझा एक डोंगर गेला?

मोहिनी: गेला असं अजून कोणी म्हटलेलं नाही. आज सहाला यादीच्या समितीची बैठक आहे. मी जे लिहून देईन ते धरणार. त्याआधी तुम्हाला सांगायला आले. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको म्हणून.

मंगळू: मॅडम, मला बी एकदा समजून सांगा. डोंगर यादीत बसतो कसा? आमच्या पाड्यावर शनवार-ऐतवारी माणसं येत्यात, माझ्या बायकोच्या, भागीच्या हातची भाकर खात्यात, वर जात्यात, फोटो काढत्यात. पण हाच डोंगर का, अन् शेजारचा का नाय, ते कोणी सांगत नाय.

मोहिनी: आपल्या जिल्ह्यातले सगळ्यात उंच शंभर डोंगर, दादा. पण नुसती उंची पुरत नाही. दोन डोंगरांच्या मधली खिंड साठ मीटर तरी खाली उतरायला हवी. तेवढी उतरत नसेल तर तो वेगळा डोंगर धरत नाहीत, शेजारच्याच्या अंगावरचं टेंगूळ म्हणतात. आणि चढणाऱ्यानं सगळ्यात उंच जागेवर स्वतःच्या पायानं जाऊन उभं राहायचं. त्याचा फोटो हवा, नाहीतर पाहिलेला एक माणूस हवा. असे शंभर झाले की त्याची शंभरी भरली.

मंगळू: मग आमचा निजोबा बसतो ना त्यात?

मोहिनी: डोंगर ऐटीत बसतो. चुकली ती जागा. बावीस वर्षांपूर्वी गायधनी सरांनी ही यादी केली. एकटेच फिरायचे, खाकी पिशवीत एक वही. तुमच्या पाड्यावर आले आणि विचारलं, निजोबाचा माथा कुठला?

मंगळू: माझ्या बापालाच इचारलं. पुंजाला. मी तिथंच भात झोडत व्हतो. बापानं वर नेऊन दावला. शेंदराचा दगड हाय तिथं.

मोहिनी: तीच तर गंमत झाली. सरांना हवा होता डोंगराचा माथा. तुमच्या वडिलांनी दाखवली माथा टेकायची जागा.

मंगळू: आमच्यात माथा म्हंजे तोच. आपला माथा जिथं टेकतो तो. त्याच्या वर आणि कुठला माथा असंल?

मोहिनी: त्याच्या वर उशी आहे.

मंगळू: उशी देवाची हाय, मॅडम. ती माणसाच्या हिशेबात नाय. देव निजलाय, दगड म्हंजे त्याची छाती, आन् त्याच्या पल्याडचा उंचवटा त्याची उशी. तिथं आमची गुरं बी चढू देत नाय आमी.

साळूबाई: खरंय त्याचं. घरातल्या उशीला पाय लागला तरी माझी आई पाठीत रट्टा द्यायची. आणि ही तर देवाची.

मोहिनी: मीही पाय ठेवलेला नाही. दगडापाशी उभं राहून लांबूनच यंत्र लावलं. मधे कारवी माजलेली असते, तिथून उशी खालीच वाटते. म्हणून बावीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. आता कोणीतरी ड्रोननं फोटो काढले आणि सगळ्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलंय, नाशिकवाल्यांना स्वतःचा माथा सापडत नाही.

साळूबाई: मेला कोण तो!

मोहिनी: कोणी का असेना, त्याचं खरं निघालं. आता माझ्यापुढं दोन वाटा. एक, लिहायचं की खरा माथा उशी आहे. मग वहीत निजोबावर ज्यांची ज्यांची नावं आहेत, ते सगळे साडेतीन मीटर खालीच राहिले. पुन्हा जायचं आणि उशीवर उभं राहून यायचं.

मंगळू: ते व्हायचं नाय. त्याच्यासाठीच मी घोटीवरनं सकाळची गाडी धरून आलो. तुमच्या बैठकीत बसतो, कोणी काय इचारलं तर सांगतो. उशीवर कोणाला चढू देणार नाय.

मोहिनी: मग दुसरी वाट. गाव वर जाऊ देत नाही म्हणून निजोबा यादीतून काढायचा आणि एकशे एकावा डोंगर शंभरात घ्यायचा.

साळूबाई: कोणता गं?

मोहिनी: सुकळ्या.

साळूबाई: दोर लावून चढायचा तो? उभा कातळ?

मोहिनी: तोच.

साळूबाई: आणि माझ्या गुडघ्याची वाटी झिजलेली. डॉक्टर म्हणतो जिना चढू नका. सोळा तारखेला कापाकापी हाये. म्हंजे या वाटेनं गेलं तरी नव्व्याण्णव, त्या वाटेनं गेलं तरी नव्व्याण्णव.

मोहिनी: हो, मावशी.

मंगळू: तिसरी वाट नाय का? जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या. बावीस साल चाललं.

मोहिनी: चाललं, कारण माहीत नव्हतं. आता उंच जागा सोडून खालचीच माथा म्हणून छापली, तर बाकीच्या नव्व्याण्णवांवर कोण भरवसा ठेवील? सरांनी आयुष्य घातलं हो त्यात. मला खोटं लिहिता येत नाही. यायला हवं होतं, असं या चार दिवसांत फार वाटलं.

मंगळू: मग मावशीला त्या सुकळ्यावर आमी नेतो. डोली करतो. चार माणसं उचलत्यात.

साळूबाई: डोलीत बसून गेलेलं मोजत नाहीत रे. नाहीतर पालखीतल्या देवानंच सगळ्यात आधी शंभरी भरली असती. जा, तू आत जा. प्रतिभानं ताट वाढलंय. सकाळपास्नं पोटात काय नाय तुझ्या.

मंगळू: भूक नाय, मावशी.

साळूबाई: मला इथं फुलांपाशी खोटं बोलणारी माणसं नको. जा, वांग्याचं भरीत केलंय माझ्या सुनेनं. जेव पोटभर आणि मग ये.

(मंगळू आत गेला. मोहिनीला खरं म्हणजे त्याच्या मागोमाग जाऊन तिथंच भिंतीशी आडवं व्हावंसं वाटत होतं. चार दिवस ती मनातल्या मनात हेच बोलत होती, कधी गाडीत, कधी वर्गात फळ्याकडं तोंड करून, आणि आता बोलून झालं तरी छातीवरचा धोंडा काही उतरला नव्हता. समोर साळूबाई एकेक फूल उलटंपालटं करून टोपलीत टाकत होत्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.)

मोहिनी: बोला ना मावशी काहीतरी. रागवा.

साळूबाई: कोणावर रागवू? तुझ्यावर? पंचावन्न वर्षांची होईस्तवर मी रामशेजच्या समोर फुलं तोडली. रोज सकाळी मान वर केली की रामशेज. एकदाही चढले नव्हते. हे म्हणायचे, डोंगरावर काय ठेवलंय? मलाही वाटायचं, काय ठेवलंय. मग तुमचा क्लब पूजेला हार न्यायला आला, तू म्हणालीस, मावशी, हार घेऊन तुम्हीच चला वर.

मोहिनी: आठवतं. नऊवारीत चढलात आणि आमच्या आधी पोचलात.

साळूबाई: वरनं माझं शेत पाहिलं. रुमालाएवढं. म्हटलं, एवढ्यात मी पंचावन्न वर्षं काढली? राग आला गं मला. तेव्हापास्नं चढतेय. चौदा वर्षं. मला काय ठेवलंय-बिवलंय काय बघायचं नव्हतं. मला एक काम शेवटास न्यायचं होतं. बाईचं कोणतं काम शेवटास जातं, सांग. भाकरी झाल्या की पुन्हा संध्याकाळ हाये. फुलं तोडली की पुन्हा उमलतात. हे एक होतं की शंभर म्हंजे शंभर, मग संपलं.

मोहिनी: नका हो असं बोलू.

साळूबाई: तूच म्हणालीस बोला म्हणून. आता रडू नको. फुलं भिजतील.

मोहिनी: तुमची शंभरी माझ्याच हातानं खोडायची. चाळीस डोंगर आपण दोघींनी बरोबर केलेत. शंभरी भरलेले बाकीचे अकराजण पुन्हा जाऊन येतील, सुकळ्या म्हणा, आणखी काही म्हणा. त्यांचे गुडघे शाबूत आहेत. राहणार ते एकट्या तुम्ही. मी दमले, मावशी. ही समिती नको, ते यंत्र नको, काही नको झालंय मला.

साळूबाई: मोहिनी, इकडं बघ. मी उशीवर गेलेली हाये.

मोहिनी: काय?

साळूबाई: हळू बोल. तो आत जेवतोय.

मोहिनी: कधी? कशा? तुमचा फोटो तर शेंदराच्या दगडापाशी आहे. मीच काढलाय!

साळूबाई: तो नंतरचा. तुम्ही सगळे पुढं निघून गेला होता. मला दम लागला म्हणून भागीच्या ओट्यावर बसले. तिनं नाचणीची आंबील दिली, म्हणाली, चला, मी नेते वर. अर्ध्या वाटेत मला आठवलं, शेतातली मोटर चालूच राहिली. सगळा झेंडू पाण्यात बसला असता. प्रतिभाला फोन लावते तर रेंज नाय. मी आपली हळहळत चाललेय. भागी थांबली. मागं पाहिलं, पुढं पाहिलं. म्हणाली, मावशी, चपला काढा.

मोहिनी: अरे देवा.

साळूबाई: कारवीतनं आडवी आडवी नेली मला. मला काय ठाऊक उशी का काय. वर गेले तर चार काड्या रेंज! मी तिथनं ओरडले, प्रतिभा, मोटर बंद कर! त्र्यंबकला ऐकू गेलं असंल.

मोहिनी: मावशी, अहो, म्हणजे तुम्ही एकट्या आहात! बावीस वर्षांत निजोबा खरा केलेल्या तुम्ही एकट्या! ते अकराच्या अकरा पुरुष खाली दगडाला मिठी मारून फोटो काढत बसले आणि तुम्ही वर जाऊन... मोटर बंद कर!

साळूबाई: हस, हस. चार दिवसांनी हसतीस.

मोहिनी: साक्षीदार भागीबाई. झालं की मग! खरा माथा उशी, आणि तो साळूबाईंनी चार वर्षांपूर्वीच केलेला आहे. तुमची शंभरी पक्की. थांबा, लिहूनच टाकते.

साळूबाई: लिहू नको.

मोहिनी: का?

साळूबाई: पेन खाली ठेव आधी. माझं बोलणं झालं आणि मी चपला शोधायला वाकले. तेवढ्यात भागीनं कनवटीचा फोन काढला. बारका, बटणांचा. तिला वाटलं, म्हातारीला काय कळतंय. तीन-चार मिनिटं बोलली. सविताशी.

मोहिनी: सविता कोण?

साळूबाई: पोरगी त्यांची. एकुलती एक. पाच वर्षं झाली, दुसऱ्या जातीतल्या पोराशी लग्न लावून गेली. मंगळूनं पंचांपुढं सांगितलं, ती मला मेली, घरात तिचं नाव निघणार नाय. भागीनंही कधी काढलं नाय. ती उशीवर जाऊन काढते.

मोहिनी: त्याला माहीत नाही?

साळूबाई: कसं असंल? आठवड्यातनं एकदा जाते, सरपणाच्या नावाखाली. पाड्यावर कुठं रेंज नाय, आणि असती तरी चारजणांत काय बोलणार? बोलताना कशी हसत होती, तुला सांगते, पोरीसारखी. आणि फोन ठेवल्यावर वाकली, उशीला दोन्ही हात लावले, देवाची माफी मागितली. मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मला काय दिसलं नाय बाई, मी चपला शोधत होते.

मोहिनी: मावशी, साक्षीदाराचं नाव नुसतं वहीत राहतं. वही माझ्या कपाटात असते. कोणी बघत नाही.

साळूबाई: बैठकीत इचारणार नाहीत? म्हातारीला उशीवर कोणी नेलं? आणि तो मंगळू तिथंच खुर्चीवर बसलेला असंल. नाव नाय सांगितलं तरी त्याला कळंल. देवाच्या उशीवर त्याचीच बायको पाय ठेवते, आणि ठेवते कशासाठी, तर त्यानं मेली म्हटलेल्या पोरीशी बोलायला. काय करंल तो?

मोहिनी: मंगळूदादा तसा माणूस वाटत नाही.

साळूबाई: माणूस तसा नसतोच गं. पंचांपुढं बोलून बसला की तसा होतो. आणि तो राहू दे. यादीत उशी लिहिलीस की शनवार-रविवार तीस तीस पोरं वर चढणार, झेंडे लावणार, डबे टाकणार. भागीनं कुठं जाऊन बोलायचं?

मोहिनी: आणि तुम्ही? तुमचं काय? चौदा वर्षं! रविवारी सायखेड्याहून माणसं येतील, त्यांना काय सांगणार, एक कमी पडला? ज्या डोंगरावर तुम्ही खरोखर उभ्या होतात तोच कमी पडला? हा कुठला न्याय? एकदा, एकदाच मला खरं आणि मनासारखं लिहायला मिळत होतं, तेही तुम्ही लिहू देत नाही!

साळूबाई: मला वाईट वाटत नाय असं वाटतं का तुला? लय वाईट वाटतंय. नणंद तर टोमण्याची एक संधी सोडायची नाय. पण त्या बाईला बोलायला तेवढीच एक जागा हाये. आणि मी काय, शंभर भरले म्हणून उद्या भाकरी थापायची राहणार हाये का? काढ तो निजोबा यादीतनं. सुकळ्या घाल. माझे नव्व्याण्णव लिही.

मोहिनी: तुम्ही मला फार दमवलंत हो.

साळूबाई: तू आलीस तेव्हाच दमलेली होतीस. गप, आला तो.

मंगळू: मावशी, भरीत लय झकास. सूनबाईंनी तीन भाकरी घातल्या.

साळूबाई: बस. मंगळू, ठरलं. मोहिनी तुझा डोंगर यादीतनं काढते. उशीवर कोणी यायचं नाय आता.

मंगळू: खरं, मॅडम?

मोहिनी: खरं. मावशींनीच ठरवलं. पण दादा, तुम्ही नीट विचार केलाय का? यादीतून गेला की माणसं यायची बंद होतील. तुमच्या डोंगराकडं कोणी फिरकणार नाही. शनिवार-रविवारची जेवणं जातील भागीबाईंची.

मंगळू: जातील. ते धरूनच आलोय.

मोहिनी: मागच्या खेपेला तुम्हीच सांगत होतात, नुसत्या भाताच्या वावरावर भागत नाही, माणसं यायला लागल्यापासून नाशिकला द्राक्षाच्या कामाला यावं लागत नाही.

मंगळू: येऊ पुन्ना. सवय हाय. पण मावशीचं काय ते मला कळलं नाय. आमचा डोंगर काढला तर मावशीचे किती ऱ्हायले?

साळूबाई: नव्व्याण्णव.

मंगळू: अन् ऐतवारचा फेटा?

साळूबाई: फेटा काय, नव्व्याण्णववालीच्या डोक्यालाही बांधतात.

मंगळू: म्हंजे माझ्या नाय म्हणण्यापायी तुमची शंभरी मोडली.

साळूबाई: तुझ्यापायी नाय. देवापायी. देवाच्या उशीवर पाय ठेवून कोणाचं भलं झालंय? असू दे. तू डोक्याला लावून घेऊ नको.

मंगळू: नाय, मावशी. तुमचं मीठ आत्ता खाल्लं. आता तुमच्याम्होरं अर्धं बोलून मला बसवत नाय. मी देवासाठी आलो. पण नुसता देवासाठी नाय आलो.

मोहिनी: मग?

मंगळू: माणसाच्या हातनं कधी एक बोलणं व्हऊन जातं. चारजणांत व्हतं, मग ते गिळता येत नाय. माझं झालं तसं. कोणाबद्दल ते इचारू नका.

साळूबाई: नाय इचारत.

मंगळू: उशीवर जायला एक वाट पडलीय. बारीक. माणसाच्या पायाची. ती कोणाची, मी कधी इचारलं नाय. इचारलं तर उत्तर येईल. उत्तर आलं की मला पंचांत बोललेलं धरून चालावं लागंल. म्हणून मला ठावंच नाय. घरात कोणी म्हणालं, देवानं सपनात सांगलं, अमकीला पोरगा झाला, तर मी म्हणतो, देवाला सगळं ठावं असतं. अन् त्या दिवशी भात दोन घास जास्त जातो.

साळूबाई: मंगळू...

मंगळू: तुमची माणसं वर चढाया लागली तर ती वाट बंद व्हईल. मग मला खबर कुठनं यायची? म्हणून आलो. हे बैठकीत बोलणार नाय मी. तिथं देवाचंच बोलंन. ते बी खोटं नाय.

मोहिनी: नका बोलू. मी लिहिते, गावाची प्रथा म्हणून काढला. तेवढं पुरे.

साळूबाई: पण ती वाट तुला दिसली कशी रे? तू तर तिकडं जात नसशील.

मंगळू: उशीच्या बुडापातूर जातो. वर माझा पाय नाय. आखाड-श्रावणात तिथं गवत कंबरंला लागतं, खाली शेवाळ धरतं, पाय सरकला तर माणूस थेट कड्याखाली. म्हणून पहाटंचा जातो, इळ्यानं गवत काढतो, दोन-चार दगडं पायाला बसवून येतो. दर पंधरा दिसांनी. पाच सालं झाली.

साळूबाई: आणि भागीला? तिला कळत नाय, वाट कोण साफ करतं ते?

मंगळू: तिला वाटतं, गुरं चरून जात्यात.